पाठकोरे कागद

८ जानेवारी

सुताराने सहाही फळ्या आणून भिंतीला टेकवल्या आणि विचारलं, "बाई, एवढी दारं कशाला?" पाच फूट उंच, तीन फूट रुंद. खरंच दारं वाटतात. मी म्हटलं, चित्रं काढायचीत. तो म्हणाला, "एवढी?" माझ्याही मनात तेच होतं.

नव्या हॉस्पिटलात, लोक नंबर लागायची वाट बघत बसतात त्या हॉलमध्ये, सहा चित्रं लागायची आहेत. माझं नाव आर्किटेक्टबाईंना कुणी सुचवलं देव जाणे. दोन वर्षांत मी एकही चित्र पुरं केलेलं नाही हे त्यांना ठाऊक नसावं. वीस मार्चला चित्रं भिंतीवर हवीत. मी फोनवर हो म्हणून टाकलं. का, तर ताई शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होती.

भावोजी ऑक्टोबरात गेले. घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, आणि साडेचार महिन्यांनी तेही गेले. डिसेंबरात ताई इथे आली, दोन बॅगा आणि सात खोकी घेऊन. भाच्याने त्यांचं घर आवरून कुलूप लावलं. ताई म्हणते, "थोडे दिवस राहीन." तिने माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून घेतलेत आणि त्यांवर चिठ्ठ्या डकवल्यात. थोडे दिवस म्हणजे किती, ते मला त्यावरून कळलं.

ती सावरली आहे मात्र. रडत नाही. मुख्याध्यापिका होती, त्याचा उपयोग होत असेल.

११ जानेवारी

आर्किटेक्टबाईंचा फोन. "थीम काय धरलीय?" मी म्हटलं, झाडं. सहा फळ्या, सहा झाडं. "वा, पेशंटना शांत वाटेल," म्हणाल्या.

ताई भाजी निवडत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "बेबी, झाडं काढू नकोस."

(सत्तावन्न वर्षांची बेबी. घरात शेंडेफळ म्हणून पडलेलं नाव काही गळून पडलं नाही.)

"का?"

"तिथे बसलेल्या माणसाला झाड नको असतं. मी साडेचार महिने एका सूर्यास्तासमोर बसून काढलेत. समुद्रात अर्धा बुडालेला सूर्य. एकदा वाटलं, उठावं, त्याला आत ढकलावं आणि मोकळं व्हावं."

मी झाडंच काढणार. चित्रातलं ताईला काय कळतं?

त्या साडेचार महिन्यांत मी एकदाच गेले होते. भावोजी झोपले होते, मी अर्धा तास बसून परत आले. तेव्हा खांदा फार दुखायचा, प्रवास झेपत नव्हता. डॉक्टरांनीच सांगितलं होतं जपायला.

१९ जानेवारी

पहिलं झाड झालं. झालं म्हणजे मेलं. आधी कागदावर कच्चं काढलं, चौकटी आखून मोठं केलं, रंग ठरवले, पट्ट्या लावून बघितल्या, सगळं रीतीप्रमाणे. तीस वर्षं मी हेच केलं आणि मुलांना हेच शिकवलं. आता समोर एक नीटनेटकं झाड उभं आहे, वहीच्या कव्हरावर शोभेल असं. त्याच्याकडे बघून मला झोप येते.

ताईने येऊन पाहिलं. "छान आहे," म्हणाली. नापास मुलाच्या पालकांशी ती ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात.

२३ जानेवारी

आज फजिती. विटकरी रंगाचं पाणी करून बरणीभर ठेवलं होतं. दुसरी फळी जमिनीवर आडवी होती. वळताना कोपर लागलं आणि बरणी तिच्यावर पालथी. पाच फुटांची फळी आणि वर विटकरी तळं. फडकं सापडेना. दाराशी ताईने भावोजींच्या कागदांचा गठ्ठा रद्दीसाठी काढून ठेवला होता. त्यातले हाताला आले तेवढे कागद टाकले त्या तळ्यावर, टिपायला. तेही पुरेनात, आणखी टाकले. मग सगळं तसंच सोडून आडवी झाले. भर दुपारी. दमले होते म्हणण्यापेक्षा, विटले होते.

२४ जानेवारी

कागद वाळून फळीला चिकटून बसलेत. सोलायला गेले, तर अर्धे निघाले, अर्धे नाही. भावोजी मोजणी खात्यात होते. आयुष्यभर जमिनी मोजल्या त्यांनी. कागदांवर त्यांच्या हातचे आलेख, उंचसखल जागा दाखवणाऱ्या बारीक वळणदार रेषा, कुठे आकडा, कुठे बाण. विटकरी रंग त्या रेषांच्या मधून झिरपलाय. सोलल्या जागी कागदाची लव राहिलीय.

खुर्ची ओढून मी त्या फळीसमोर बसले. चहा गार झाला. किती वेळ बसले होते ते ताईने सांगितलं: "पाऊण तास. बरं वाटत नाहीये का?"

२९ जानेवारी

ताईकडे कागद मागितले. वाटलं होतं, नाही म्हणेल. "घे की," म्हणाली. "रद्दीवाला तरी काय करणार त्यांचं." मग कपडे घड्या घालत राहिली, आणि मी दारापर्यंत पोचल्यावर मागून म्हणाली, "एक कर. फाडू नकोस. आख्खा कागद लाव."

आता याला काय म्हणावं? कोलाज करायचं आणि कागद फाडायचा नाही. पोहायचं, पण ओलं व्हायचं नाही. मी "बरं" म्हटलं, आणि दार लावून फाडला.

५ फेब्रुवारी

सहा दिवस लिहिलं नाही. काम चाललंय. कसं, ते लिहिता येत नाही. एक कागद लावते. तो दुसरा मागतो. त्यावर रंग, रंगावर जुनी साडी दाबून उचलते, विणीचा ठसा उरतो. ठसा आवडला नाही तर काचकागदाने घासते, मग खालचं वर येतं, आणि ते मी ठरवलेल्यापेक्षा दरवेळी बरं असतं. याचा थोडा राग येतो. तीस वर्षं ठरवून काढलं त्याचं काय मग?

झाडाची फळी पांढरी करून टाकली. सुटले.

बाजारचा डिंक कागदाला सुरकुत्या पाडतो, म्हणून खळ शिजवली. माझ्या खळीत गुठळ्या. ताईने पातेलं हातातून काढून घेतलं. तिची खळ अशी की भिंतीला घर चिकटवावं. आता रोज सकाळी खळ ती करते. आणि खळ घेऊन आली की जात नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर चष्मा लावून बसते.

"आता काय करणार?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"हात घातला की कळेल."

"आणि नाही कळलं तर?"

"तर खरवडायचं."

"आमच्या शाळेत असं उत्तर देणारीला मी वर्गाबाहेर उभी केली असती."

मी म्हटलं, तू आत्ता माझ्या वर्गात आहेस. ती काही उठली नाही.

९ फेब्रुवारी

ताईचं हे रोजचं बसणं आता जड होतंय. मी कागद उचलला की ती मान वाकडी करून बघते. लावला की उठून जवळ येते आणि बोट लावते. आज म्हणाली, "हा कालव्याच्या कामाचा. तेव्हा तीन महिने घरी नव्हते." मी हं हं केलं. मग पुढच्या कागदाला, "हा पुलाचा. भिजून ताप आला होता." प्रत्येक कागदाची जन्मकुंडली. मला त्या रेषांचा आकार हवाय, तिला त्यांचं मूळगाव सांगायचंय. असं कसं जमणार?

तिला बाहेर काहीतरी विरंगुळा पाहिजे. भाच्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, ती इथे माझ्याकडे असताना दिवसभर खोलीत बसायची. तुझ्याकडे निदान स्टुलावर बसते." हा काय तोडगा झाला?

१४ फेब्रुवारी

तीन फळ्या होत आल्या. चौथीला आज खरं घबाड मिळालं.

ताईने खळीच्या पातेल्याबरोबर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला आणि टेबलावर ठेवला. "हेही घे." आत चिठ्ठ्या, दोनेकशे तरी असतील. भावोजी पाठकोरा कागद कधी वाया घालवत नसत. जुने आलेख पट्टीने कापून सारखे तुकडे करायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. या चिठ्ठ्या तशाच. पुढे आलेखाचा तुकडा, मागे पेन्सिलीने दोन-तीन शब्द.

"कसल्या गं या? मोजणीच्या?"

ताई पातेलं पुसत होती. जरा वेळाने म्हणाली, "हं."

वाचून बघितल्या थोड्या. "उजवीकडे." "थोडं वर." "अजून नाही." "पाणी." "पाणी." "उघड." अक्षर वाकडंतिकडं, रेघ सोडून खाली घसरलेलं. उन्हात दुर्बिणीमागे उभं राहून, हातावर कागद धरून लिहिलं असणार. एकीवर नुसतं "पाय गार". चिखलातून गेले असतील बिचारे.

पेन्सिल मात्र काय दाबून लिहिलीय. मागून बोट फिरवलं तर अक्षर लागतं. मी ताईला म्हटलं, "बघ, किती छान उमटलीय." ती म्हणाली, "हो." आणि आज चक्क लवकर उठून गेली.

१७ फेब्रुवारी

चौथी फळी चिठ्ठ्यांनी भरली. काही आलेखाची बाजू वर, काही शब्दांची. जशी हातात येईल तशी. दिवसभर मला खांदा आहे याची आठवण झाली नाही.

ताई दोनदा आली. एका चिठ्ठीपाशी बराच वेळ उभी होती. मी म्हटलं, पुढे सरक, हात पुरत नाही.

२२ फेब्रुवारी

चौथीचं काहीतरी बिघडलं. घोडं पेंड खातंय, आणि कुठे ते कळत नाही. फार शब्द झालेत. सगळीकडून कुणीतरी बोलतंय असं वाटतं. आज मोठा रोलर घेतला आणि वरचा दोन-तृतीयांश भाग पांढरा करून टाकला. अॅक्रिलिकचे दोन हात. एकदम शांत झालं. आता थोडं घासलं की खालून एखादी रेघ वर येईल.

ताई दाराशी केव्हा आली कळलं नाही.

"हे काय केलंस?"

"झाकलं. गर्दी झाली होती."

"म्हणजे आता दिसणार नाही?"

"नाही. पण आत आहे ना. त्यामुळे वरच्याला वजन येतं."

"आत आहे," ती म्हणाली. मला वाटलं, तिला पटलं.

२४ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी दात दाखवायला डॉक्टरकडे गेले होते. परत आले तर ताई चौथ्या फळीसमोर गुडघ्यांवर बसलेली, हातात कालथा. वरचा पांढरा खरवडून काढलेला, परातीएवढा. कुठे कागद निघालेला, कुठे लाकूड उघडं. तिच्या मांडीवर रंगाच्या सालपटांचा ढीग.

मी ओरडले. इतक्या वर्षांत ताईवर कधी ओरडले नव्हते. "भावोजींच्या चार मोजणीच्या चिठ्ठ्यांसाठी माझं चित्र खरवडलंस?"

"मोजणीच्या नाहीत त्या."

"मग कसल्या?"

"बोलणं आहे ते." कालथा तिने खाली ठेवला, आवाज न करता. "आवाज गेल्यावर लिहूनच बोलायचे. मी उत्तर तोंडाने द्यायचे, ते लिहायचे. साडेचार महिन्यांचं बोलणं आहे त्या डब्यात. त्यांचं. माझं नाही."

उजवीकडे. थोडं वर. पाणी. पाय गार.

मी म्हटलं, "अगं, मग तूच हं म्हणालीस! मी विचारलं होतं तुला."

"म्हटलं खरं. मला वाटलं, तू वाचशील. पाय गार वाचून कुणालाही कळलं असतं, बेबी. तू म्हणालीस पेन्सिल छान उमटलीय." मग माझ्याकडे न बघता: "तुला कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं?"

याला मी उत्तर दिलं नाही. इथेही देत नाही.

"पण दिल्यास कशाला?"

"ठेवून काय करू? रोज काढून वाचत होते. पोरगा म्हणाला, आई, टाकून दे आता. टाकवेना. म्हटलं, तुझ्याकडे कुठेतरी चिकटून राहतील. येता-जाता दिसतील. तू पांढरं फासलंस."

तिला शेवटची चिठ्ठी हवी होती. चौथ्या फळीवर ती मी सतरा तारखेला लावली, तेव्हा ताई तिच्यासमोरच उभी होती. मीच म्हणाले होते, पुढे सरक. चिठ्ठीवर एकच शब्द होता: "बस".

"बस म्हणजे, पुरे?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही. मी सकाळपासून उभी होते त्या दिवशी. शेजारी स्टूल होतं. मला बसायला सांगत होते, की पुरे झालं म्हणत होते? मी काही विचारलं नाही. नर्सला बोलवायला धावले. परत आले तोवर..." ती गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागली. उठता येईना. मी हात दिला. घेतला तिने. "म्हटलं, अक्षर पुन्हा एकदा नीट बघावं. बसायला सांगताना माणूस वेगळं लिहील, नाही का?"

२७ फेब्रुवारी

तीन दिवस बाकी काही नाही. कोमट पाण्याची फडकी फळीवर टाकायची, तासभर ठेवायची, मग चाकूने अॅक्रिलिकची साय हळूहळू उचलायची. खाली ताईची खळ असल्यामुळे कागद सुटतो. बाजारचा डिंक असता तर विसराच. सुटतो, पण लगदा होऊन. एकवीस चिठ्ठ्या निघाल्या, त्यातल्या आठ धड.

"बस" आज दुपारी निघाली. पेन्सिल पुसली गेली होती, कागदावर नुसता दाब उरला होता. खिडकीत तिरका धरला तर वाचता येतं. ताईने चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला.

"काय वाटतं?"

"काही नाही कळत," ती म्हणाली. "पहिल्यांदाही नव्हतं कळलं."

बराच वेळ कागद तळहातावर होता. मग मला दिला. "लाव परत. यावेळी वर लाव."

१ मार्च

डब्यात अजून साठ-सत्तर चिठ्ठ्या आहेत. आज मी एकटीने बसून सगळ्या वाचल्या. जे काम मी चौदा फेब्रुवारीला करायचं होतं ते. वरातीमागून घोडं.

"मीठ कमी." "मोठ्याने वाच." "रागावू नकोस." "तूच रागावलीस." "नळ गळतो." "तुला झोप हवी." एकीवर संतापाने काढलेल्या नुसत्या रेघा, कागद फाटेपर्यंत. एकीवर सगळ्या महिन्यांचे दिवस मोजलेले.

आणि एक: "बेबी आली?"

स्वयंपाकघरात जाऊन ताईसमोर धरली. तिने बघितली आणि कांदा चिरायला लागली.

"एकदाच विचारलं?"

"तीन-चारदा."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, चित्रात गुंतलीय. मोठं काम हातात आहे तिच्या."

तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. दुपारी दोन-दोन तास मी छताकडे बघत पडलेली असायचे. खांदा दुखायचा हे खरं, पण गाडीत बसता येत नाही इतका नाही. मला आजारी माणसाच्या खोलीची भीती वाटते, आईच्या वेळेपासून. ताई तेव्हाही एकटीच होती तिच्या उशाशी. हे ताईला ठाऊक असणार. मला आजवर बोलली नाही.

"त्यांना पटलं?" मी विचारलं.

"खूश व्हायचे," ताई म्हणाली. "म्हणायचे, म्हणजे लिहायचे, तिला करू दे."

ती चिठ्ठी चित्रात लावली नाही. या वहीत ठेवलीय.

६ मार्च

आता ताईला स्टूल नाही, माझ्यासमोर खुर्ची आहे. चिठ्ठी ती निवडते, जागा मी. कधी उलट. वाद होतात. "रागावू नकोस" आणि "तूच रागावलीस" या दोन शेजारी नकोत म्हणते, "लोक काय म्हणतील." मी म्हटलं, लोकांच्या घरी काय वेगळं चालतं? हसली नाही, पण लावू दिलं.

चौथीवर तिने खरवडलेला भाग मी बुजवलेला नाही. लाकूड दिसतं तिथे. बुजवायला गेले होते, हात थांबला. पाचवी-सहावी उरलेल्या चिठ्ठ्यांनी भरतेय. पहिल्या तीन फळ्याही पुन्हा उघडल्या. दोन फळ्यांवरचं पांढरं घासून खालचं थोडं वर आणलं, एकीवर काहीच केलं नाही. का, ते सांगता येणार नाही.

खूप दमते. संध्याकाळी बोटं मिटत नाहीत. पण हे दमणं निराळं आहे. मागचं दमणं काही न करता यायचं.

१२ मार्च

आर्किटेक्टबाई बघायला आल्या. बराच वेळ सहाही फळ्यांसमोरून येरझाऱ्या. "झाडं होती ना?"

"होती."

"यात शब्द आहेत. पेशंट वाचत बसतील."

ताई म्हणाली, "बसायलाच येतात ते तिथे. वाचू देत."

शाळा सुटून बारा वर्षं झाली, तरी त्या आवाजापुढे माणूस मान हलवतो. बाईंनी हलवली. फक्त थीमच्या रकान्यात काय लिहायचं, विचारलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "'मिश्र माध्यम' लिहिते."

१८ मार्च

भाच्याचा फोन. ताईला घेऊन जायला येतो म्हणतो, तिच्या घराचं कुलूप काढून. ताई म्हणाली, "बघू." मला वाटलं होतं, मला हायसं वाटेल. उगाच डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत स्वयंपाकघरात उभी राहिले.

२० मार्च

सकाळी टेम्पो, दोन माणसं, सहा फळ्या. अकरापर्यंत चित्रं लागली. हॉल अजून अर्धाच सुरू झालाय, तरी वीस-पंचवीस माणसं बसलेली होती. कुणी वर बघितलं, कुणी नाही. समारंभ वगैरे काही नाही. बरं झालं.

मी चित्रांपासून लांब, पाण्याच्या मशीनपाशी थांबले. पहिल्यांदा लागलेलं चित्र जवळून बघवत नाही मला. ताई मात्र थेट चौथ्यासमोरच्या बाकावर जाऊन बसली, पर्स मांडीवर धरून, आपलाही नंबर लागायचाय अशी.

तिच्या शेजारी एक माणूस होता. साठीचा असेल. पायाशी कापडी पिशवी, हातात फाइल, फाइलवर बाईचं नाव. तो चित्राकडे बघत होता. मान तिरकी करून वाचत होता. मग त्याने ताईला विचारलं, हॉलमध्ये सगळे बोलतात तशा हळू आवाजात, "काय आहे हो हे?"

ताई म्हणाली, "नवरा-बायकोचं बोलणं."

तो आणखी थोडा वेळ वाचत राहिला. "भांडतायत वाटतं?"

"बरंचसं," ताई म्हणाली.

"आमचंही तसंच," तो म्हणाला. "काल तर मी..." पुढचं मला ऐकू आलं नाही. ताई त्याच्याकडे वळून ऐकत होती. मधेच तिने काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं, डोळे पुसले, पुन्हा सांगायला लागला. चित्राकडे आता दोघांचंही लक्ष नव्हतं.

आतून नाव पुकारलं. तो गडबडून उठला, दोन पावलं गेला, परत आला. "ताई, पिशवी बघाल का जरा? आत नेऊ देत नाहीत."

"जा तुम्ही," ताई म्हणाली. "मी आहे."

खाली टेम्पोवाला थांबला होता, त्याने दोनदा माणूस पाठवला. मी जाऊन त्याला सांगितलं, तू हो पुढे. मग येऊन पिशवीच्या दुसऱ्या बाजूला बसले. ताईने विचारलं, "खांदा?" मी म्हटलं, "ठीक आहे." तो माणूस यायला पावणेदोन तास लागले.